व्हिनेगरला न फसफसलेले अकरा दगड

वेन्सेस्लाओ तोलाबाने अकरा दगडांवर एकामागून एक व्हिनेगर ओतलं आणि एकही दगड फसफसला नाही. सगळा घोळ झाला तो इथे. एखादा जरी दगड बेइमान निघाला असता, तरी पुढचा ऑगस्ट महिना माणसांसारखा गेला असता.

"न्येवेस! ए न्येवेस!" अंगणात उकिडवा बसून तो ओरडला. "एक बुडबुडा नाही बघ! याला म्हणतात दगड!"

"दगडाला दगड म्हणायला माझी अख्खी बाटली कशाला संपवलीस?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आता सॅलडवर काय तुझं कौतुक ओतू?"

वेन्चोने अपमान गिळला. एवढं लांबलचक नाव आमच्या हुहुई शहरात कुणी पुरतं घेत नाही, सगळे वेन्चोच म्हणतात. अठ्ठावीस वर्षं जमीनमोजणी कचेरीच्या चार नंबरच्या खिडकीमागे बसून लोकांना 'उद्या या' सांगणाऱ्या माणसाला अपमान करायची सवय असते, गिळायची नसते. पण दगड त्याला हवे होते. नुसते हवे नव्हते, संसार वाचवायला हवे होते.

झालं होतं असं. टेबलाच्या खणात न्येवेसने एक तिकीट आणून ठेवलं होतं. बसचं, राजधानीचं, ब्वेनोस आयरेसचं, पंधरा ऑगस्टचं, मुलीकडे जायचं. आणि फक्त जायचं. परतीचं नाही. वेन्चोने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, परतीचा भाग कुठे चिकटलाय का म्हणून नखाने खरवडून पाहिलं.

"किती दिवस जाणारेस?"

"जमेल तितके. या घरात मी बोलले की भिंत ऐकते आणि तू पेपर वाचतोस. त्यातल्या त्यात भिंत बरी."

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? पेपर खाली ठेवतो. वेन्चोने मासे आणले. घरात हालचाल वाटेल, जाग वाटेल, हा त्याचा हिशेब. एक काचेची टाकी आणि तीत चान्चिताची जोडी. चान्चिता म्हणजे आमच्या ओढ्यातला मासा. पोट सुटलेला, डोळे बटबटीत, चेहऱ्यावर कायम कुणीतरी पेन्शन अडवून ठेवल्याचा राग. न्येवेस टाकीपाशी पाच मिनिटं उभी राहिली. लग्नानंतर एवढा वेळ तिने वेन्चोकडेही पाहिलं नव्हतं.

"यांना पिल्लं झाली तर बघू," ती म्हणाली. एवढंच. पण वेन्चोने ते पक्कं धरलं. पिल्लं झाली तर तिकीट रद्द.

आणि चान्चिताची मादी अंडी घालते ती चपट्या, स्वच्छ दगडावर. दगड नाही तर अंडी नाहीत.

शेजारी प्रोफेसर बुर्गोस राहतात. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही, फक्त पगार थांबला. ते कुंपणावरून म्हणाले, "तोलाबा, दगड म्हणजे दगड नव्हे. चुनखडी असली तर पाणी कडक होईल, मासे मरतील. व्हिनेगर टाकायचं. फसफसला की फेकायचा."

वेन्चो नदीवर गेला. बादलीभर दगड आणले. एकूण एक बिअरसारखे फसफसले. मग नव्या इमारतीच्या खोदकामातून आणले. ते फसफसले नाहीत, पण दोन दिवसांत पाण्याला गंज सुटला. "लोखंडाची शीर आहे," प्रोफेसर म्हणाले, "चुंबक नाही का लावलंत?" शेवटी एक गुळगुळीत, गोरापान दगड मिळाला. वेन्चोने तो ब्रशने घासला, साबण न लावता, आणि जंतू मरावेत म्हणून उकळायला ठेवला. कशात? तर न्येवेसच्या आईच्या मातीच्या मडक्यात, ज्यात तीस वर्षं दर रविवारी मक्याचं-मांसाचं कालवण शिजत आलं होतं.

"उकळायचा नसतो हो!" धमाक्यानंतर प्रोफेसर कुंपणावरून ओरडले. "आत पाणी अडकलेलं असतं, वाफ होते आणि दगड फुटतो. नुसतं गरम पाणी वरून ओतायचं!"

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. परीक्षेत मुलंही असंच करतात."

मडक्याचे सात तुकडे झाले. न्येवेस चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते 'सरक' एवढंच. मडक्याचा सर्वात मोठा तुकडा तिने धुऊन स्वतःच टाकीत पालथा घातला, माशांना तेवढीच सावली म्हणून. वेन्चोने मनातल्या मनात त्याची नोंद 'तात्पुरती सोय' अशी केली. सरकारी माणूस. तात्पुरत्या सोयीचं पुढे काय होतं ते त्याला ठाऊक असायला हवं होतं.

जुलैच्या शेवटी कचेरीच्या कामासाठी त्याला वरच्या पठारावर जावं लागलं. परतताना बस खिंडीत थांबली. तिथे आमच्याकडे प्रत्येक खिंडीत असतो तसा दगडांचा ढीग आहे. अपाचेता म्हणतात. डोंगर चढून आलेला माणूस वाटेत एक दगड उचलतो, गुडघ्यांवर, पाठीवर फिरवतो, आणि आपला सगळा थकवा त्या दगडात घालून ढिगावर ठेवतो. सोबत चघळलेल्या कोकाच्या पानांचा चोथा, एखादी सिगरेट, घोटभर दारू. मग हलका होऊन पलीकडे उतरतो. शेकडो वर्षं चाललंय हे. लामा जनावरांच्या पाठीवर मिठाच्या लाद्या घालून जाणाऱ्यांनी ठेवले, खाणीतून सुटलेल्यांनी ठेवले, बाळंतपणाला माहेरी निघालेल्यांनी ठेवले.

हे वेन्चोला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी आजोबांबरोबर त्याने स्वतः दगड ठेवलेले. पण त्या दिवशी त्याला ढीग दिसलाच नाही, दुकान दिसलं. कारण ढिगावर कुणी गोल दगड ठेवत नाही, घरंगळतो. सगळे चपटे! सगळे निवडक! वाऱ्या-पावसाने धुतलेले! शिवाय डोंगरमाथ्यावरचे, म्हणजे चुन्याचं नाव नको.

बाकीचे प्रवासी लांब खडकांआड लघवीला गेले होते. वेन्चोने ढिगाला सभ्यपणे सांगितलं, "मी लहानपणी वीसेक तरी ठेवले असतील. त्यातलेच अकरा परत नेतोय." वर एक सिगरेट ठेवली. फिल्टरवाली, महागातली. उगाच फुकट घेतलं असं व्हायला नको.

अकराही दगड सगळ्या परीक्षांत पास झाले. व्हिनेगर झालं, चुंबक झालं, ब्रशने घासणं झालं, गरम पाणी ओतणं झालं, चार दिवस बादलीत भिजवून रोज पाणी बदलणं झालं. प्रोफेसरांनी भिंग लावून तपासले आणि म्हणाले, "तोलाबा, हुहुई प्रांतात यापेक्षा सुरक्षित दगड नाहीत." ऑगस्टच्या पहिल्या तारखेला दगड टाकीत बसले.

एक ऑगस्टला आमच्याकडे घरोघर धूर करतात. या महिन्यात धरती भुकेली, तहानलेली असते, तिला खाऊ-पिऊ घालायचं, घरातली पीडा बाहेर काढायची. समोरच्या दोन्या फिदेलिना (दोन्या म्हणजे बाई), पठारावरच्या, मक्याच्या पानात उकडलेले तामाले विकणाऱ्या, सत्तरीच्या, दरवर्षी धुपाटणं घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरात फिरतात. त्या वेन्चोच्या दाराशी आल्या आणि थांबल्या. धूर उंबऱ्यापर्यंत गेला आणि मागे वळला. वारा नव्हता. धूर नुसता उंबऱ्यावर उभा राहिला, गर्दीने भरलेल्या बसच्या दाराशी माणूस उभा राहतो तसा.

"आत कोण आहे रे, वेन्चो?"

"आम्ही दोघंच की, दोन्या."

"हो का," म्हातारी म्हणाली आणि उंबरा न ओलांडता परत गेली. जाताना म्हणाली, "मग दोघंच सांभाळा."

दुसऱ्या दिवसापासून पाणी कमी व्हायला लागलं.

आमच्याकडे दुपारी एक ते पाच शहर मेलेलं असतं. दुकानं बंद, कुत्री बंद, वारासुद्धा वामकुक्षी घेतो. भूतखेत जे काही असेल ते आमच्याकडे रात्री फिरत नाही. रात्री लोक जागे असतात, गिटार वाजवतात, भुताला जागा मिळत नाही. भूत दुपारचं येतं. वेन्चो पाचला उठला तर टाकीतलं पाणी तीन बोटं खाली.

"बाष्पीभवन," प्रोफेसर म्हणाले.

वेन्चोने काचेवर चिकटपट्टी लावून खूण केली आणि पाणी भरलं. दुसऱ्या दुपारी चार बोटं खाली. टाकीवर झाकण ठेवलं. तिसऱ्या दुपारी पाच बोटं. झाकण बाजूला काढून व्यवस्थित भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"हे बाष्पीभवन भलतंच टापटीप आहे, प्रोफेसर."

"आर्द्रता कमी आहे," प्रोफेसर म्हणाले, पण त्या दिवशी कुंपणापासून जरा लांब उभे राहून म्हणाले.

मग टाकीसमोरची खुर्ची. रोज पाच वाजता ती टेबलाखालून बाहेर ओढलेली सापडायची, आणि बैठक गरम. दगडांना ओलसर लोकरीचा वास यायला लागला. एकदा टाकीच्या पायाशी हिरवा चोथा सापडला, कोकाच्या पानांचा. न्येवेस पानं चघळत नाही. वेन्चो चघळतो, पण कचेरीत, सरकारी वेळेत. आणि ते मासे! सदा भांडणारी ती जोडी दुपार झाली की दगडांवर कुशीवर लवंडायची, कल्ले फुगवत, धापा टाकत, दोघांची तोंडं उत्तरेला. खिंडीकडे.

वेन्चो घाबरला. पण त्याला जास्त लागलं ते वेगळंच. न्येवेस घाबरली नाही.

एका दुपारी तो डोळे मिटून पडला होता. बाजूच्या खोलीतून तिचा आवाज आला. "कुठून आलात, बाबा? बसा. अहो बसा, संकोच कसला. टाकीतलं कशाला पिताय, मी देते ना." मग पाण्याचा जग ठेवल्याचा आवाज. मग पेला. मग घटघट, जशी विहिरीवर गुरं पितात तशी.

तो उठून दाराशी गेला. न्येवेस एकटी बसली होती. समोर रिकामी खुर्ची. टेबलावर पाव, पाण्याचा जग, रिकामा पेला.

"कोणाशी बोलतेस?"

"येतात बिचारे. फार दमून येतात." तिचे डोळे चमकत होते. "एक आहे ना, मिठाचा व्यापारी, काय गमती सांगतो! आणि ती बाई, पोटुशी, तिला तर पायच हलवता येत नाहीत. मी म्हटलं, अगं टेक जरा."

"तुला दिसतात?"

"दिसत नाहीत रे. पण ऐकतात. बोललं की पुढे विचारतात, मग काय झालं म्हणून. तुला माहितेय, मग काय झालं म्हणून मला शेवटचं कुणी विचारलं?"

वेन्चोने खणातलं तिकीट चोरून पाहिलं. न्येवेस हल्ली तिकिटाकडे ढुंकूनही बघत नव्हती. आता झाली का पंचाईत? दगड परत केले तर ही मंडळी जाणार, आणि मंडळी गेली तर न्येवेसही जाणार. भुतांनी संसार टिकवून धरलाय म्हटल्यावर नवऱ्याने करावं काय? त्याने ठरवलं, गप्प बसायचं. निर्णय पुढे ढकलण्यात तो खात्यात पहिला होता.

पण दहा तारखेला न्येवेस उठलीच नाही.

ताप नाही, खोकला नाही. नुसती पडून. वेन्चोने पांघरूण बाजूला केलं तर तिच्या तळपायांना फोड, बोटाएवढे, फुटलेले. आठवडाभर ती घराबाहेर पडली नव्हती. टाचांच्या भेगांत लाल माती. डॉक्टर येऊन गेले. "हल्ली फार चालणं झालंय का यांचं?" विचारून त्यांनी मलम लिहून दिलं. दुपारी न्येवेस झोपेत बडबडायला लागली, आणि आवाज तिचा नव्हता, म्हणजे तिचाच होता पण कुणाच्या तरी मागे मागे चालल्यासारखा. "अजून दोन डोंगर... मीठ भिजेल... अजून दोन डोंगर, मग घर..."

वेन्चो तसाच, चपला न घालता, रस्ता ओलांडून दोन्या फिदेलिनांच्या दारात गेला.

"नदीवरून आणलेत म्हणून सांगू नकोस," म्हातारी त्याच्या आधी बोलली. "नदीचा दगड असा वास मारत नाही. किती उचललेस?"

"अकरा."

"अरे गाढवा! लोकांच्या खिशातले पैसे चोर, परवडलं. लोकांचा थकवा कुणी चोरतं का? तुझ्या बायकोने त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि त्यांचा भार आपल्यावर घेतला. तू काय दिलंस?"

"सिगरेट," वेन्चो पुटपुटला. "फिल्टरवाली."

म्हातारीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला शाळेतले ओणवे तास आठवले. मग तिने सांगितलं. बसने वरच्या गावापर्यंत जायचं. तिथून जुन्या खेचरवाटेने पायी चढायचं. दगड स्वतःच्या पाठीवर, एकाच पोत्यात. आणि वाटेत एकदाही खाली ठेवायचं नाही. जिथे टेकवशील तिथे ते उतरतील, आणि मग कुणाच्या घरी जातील सांगता येत नाही. "आणि वर पोचलास की तुझा स्वतःचाही एक दगड ठेव. दमशीलच. आयुष्यात पहिल्यांदा."

न्येवेसच्या उशाशी म्हातारी बसली आणि पहाटेच्या बसने वेन्चो निघाला. माशांच्या टाकीत उरला फक्त मडक्याचा तुकडा.

पोतं असेल वीसेक किलोचं. वरच्या गावात बसमधून उतरून त्याने ते पाठीवर घेतलं तेव्हा जमेल असं वाटलं. पाचशे पावलांवर वाटेनासं झालं. आणि तिथेच नाका लागला. पत्र्याची टपरी, आडवा बांबू, आत गालात पानांचा बोकणा भरलेला नाकेदार.

"पोत्यात काय?"

"दगड."

"कुठून कुठे?"

"घरून. वर. खिंडीत."

नाकेदाराने चघळणं थांबवलं. "साहेब, डोंगरावरून दगड पळवणाऱ्यांना पकडायला मला इथे बसवलंय. डोंगरावर दगड घेऊन जाणारा माझ्या नोकरीत पहिलाच. याचा फॉर्मच नाही माझ्याकडे."

"फॉर्म नाही तर सोडा मग."

"फॉर्म असता तर सोडलं असतं. नाही म्हणून तर सोडता येत नाही."

हे वाक्य वेन्चोचं होतं. चार नंबरच्या खिडकीतून त्याने ते हजारदा म्हटलं होतं. ते ऐकायला इतकं वाईट लागतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, सांगितलं असेल, त्याने ऐकलं नसेल.

"वरिष्ठांना विचारा."

"वरिष्ठ जेवायला गेलेत."

"सकाळचे नऊ वाजलेत!"

"काल गेलेत. तुम्ही असं करा, पोतं खाली ठेवा, बाकड्यावर बसा. उद्या बघू."

"ठेवता येत नाही." वेन्चोच्या डोळ्यांत घाम जात होता. "ठेवलं तर ते इथेच उतरतील."

"कोण उतरतील?"

नाकेदार हसायला लागला, आणि हसता हसता त्याची नजर वेन्चोच्या खांद्यावरून मागे गेली, आणि हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. त्याने हळूच टोपी काढली.

"मागची मंडळी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्याबरोबरच का?"

वेन्चोने मागे पाहिलं नाही. मानच वळेना. "माझ्याबरोबरच."

नाकेदाराने वही ओढली, पेन्सिल जिभेला लावली, आणि दगडांचा रकाना सोडून 'प्रवासी' लिहिलेल्या रकान्यात, एकेकाकडे बोट करत, ओठ हलवत मोजलं. "अकरा. आणि तुम्ही बारावे." मग बांबू वर केला. "सावकाश जा हो बाई," तो वेन्चोच्या मागे कुणाला तरी म्हणाला. "चढ आहे."

तो चढ वेन्चो मरेपर्यंत विसरणार नाही. पाठ सोलली, गुडघे वाजले, छातीत भाता चालला. मागे पावलं वाजत होती. एक जड, एक लंगडं, एक लामाच्या गळ्यात असते तशा लहानशा घंटेबरोबर. तो थांबला की थांबायची. कुणी बोलत नव्हतं. मग कुठेतरी मधल्या वळणावर, इतकी भयाण शांतता सहन न होऊन, वेन्चोने मागे न बघताच विचारलं, "तुम्ही... मिठाचे व्यापारी ना? बायको सांगत होती. मग काय झालं पुढे?"

मागून काही शब्द आले नाहीत. पण घंटा जवळ आली, अगदी खांद्याला खांदा लावून चालल्यासारखी. आणि पोतं तेवढ्यापुरतं हलकं झालं, जसा कुणी खालून हात द्यावा.

खिंडीत पोचला तेव्हा सूर्य माथ्यावर होता. त्याने एकेक दगड काढून ढिगावर ठेवला, आणि दर दगडाला शेजारी एक सुस्कारा ऐकू आला. दमलेल्या माणसाने घरी पोचून जोडे काढावेत तसा. दगड अकरा ठेवले. सुस्कारे दहा झाले. वेन्चोने वाऱ्याला दोष दिला.

मग त्याने स्वतःसाठी एक दगड उचलला, गुडघ्यांवरून फिरवला, सोललेल्या पाठीवरून फिरवला, आणि ठेवायला वाकला. आणि तसाच थांबला. अठ्ठावीस वर्षं खुर्चीत काढली. सगळा जन्म दुसऱ्यांना दमवण्यात गेला. हा त्याचा पहिलावहिला, घामाने मिळवलेला थकवा, आणि तो लगेच डोंगराला देऊन टाकायचा? ते काही त्याला पटेना. त्याने दगड होता तिथे वाटेवर ठेवला आणि थकवा बरोबर घेऊन उतरला.

नाक्यावर नाकेदाराने बांबू वर केला. "दोघंच परत? बरं."

वेन्चोने 'दोघं कोण' असं विचारलं नाही. काही नोंदींना हात लावू नये, हे कारकुनाला कळतं.

शेवटची बस चुकली, म्हणून रात्र त्याने वरच्या गावात कुणाच्या तरी पडवीत काढली. घरी पोचला तो दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. शहर मेलेलं. आपल्याच गल्लीत आपलीच पावलं मोठ्याने वाजत होती, आणि मध्येच दोनाच्या चार वाटत होती. दार उघडं होतं. दोन्या फिदेलिना उंबऱ्यापाशी बसल्या होत्या, धुपाटणं घेऊन, आणि धूर सरळ आत चालला होता.

"उठली काल दुपारी," म्हातारी म्हणाली. "सूर्य माथ्यावर होता तेव्हा." मग तिने वेन्चोच्या मागे पाहिलं, जरा सरकून वाट दिली, आणि घरी गेली.

न्येवेस स्वयंपाकघरात उभी होती. स्वतःच्या पायांवर, चपला घालून. पाठमोरीच तिने विचारलं, "कुठून आलात, बाबा?"

ज्या आवाजात ती त्यांना विचारायची त्याच आवाजात. "वरून," वेन्चो म्हणाला. "फार लांबून. पाय गेले माझे, न्येवेस. तो चढ आहे ना, तिथे एक नाकेदार भेटला..."

ती वळली. त्याची सोललेली मान पाहिली, फाटका शर्ट पाहिला. आणि म्हणाली, "मग काय झालं?"

बोलता बोलता ती त्याला टाकीपाशी घेऊन गेली. मडक्याचा तुकडा होता तसाच पालथा होता, आणि त्याच्या पाठीवर, आईच्या त्या काळ्या पडलेल्या मातीवर, बाजरीच्या दाण्यांसारखी अंडी चिकटली होती, शेकड्यांनी. दोघं मासे वर पंख हलवत पहारा देत होते, पहिल्यासारखेच रागावलेले. कुंपणापलीकडून प्रोफेसरांचा आवाज आला, "भाजलेली माती! सर्वात सुरक्षित! मी सांगणारच होतो!"

"तीन दिवसांत फुटतील," न्येवेस म्हणाली. "मग पिल्लं पोहायला लागेपर्यंत आठवडा. कुणीतरी घरात पाहिजे."

तिने टेबलावर पाण्याचा जग ठेवला. ओल्या जगाखाली एक कागद होता. शाई पसरून पंधरा ऑगस्टचा निळा डाग झाला होता. वेन्चोने तो पाहिला आणि पाहिला नाही असं दाखवलं.

तो टाकीसमोरच्या खुर्चीत बसायला गेला आणि चटका बसल्यासारखा उठला. बैठक गरम होती.

न्येवेसने दोन पेले भरले. त्याने एक घटघट संपवला आणि दुसऱ्याकडे हात नेला, तर तिने हातावर चापट मारली. "तो तुझा नाही."

"पण मी अकराही ठेवले होते," वेन्चो कुजबुजला.

"दगड ठेवलास रे. तू वाटेत त्यांना विचारलंस ना, मग काय झालं म्हणून? आता सांगायला नको का त्यांनी? घाबरू नकोस, आता भार नाही त्यांच्यावर. नुसते तहानलेत."

दुपारच्या त्या शांततेत कुठेतरी एक लहानशी घंटा वाजली आणि थांबली, जशी कुणी हाताने धरावी. वेन्चोने अंगणातलं स्टूल ओढून आणलं. सोललेली पाठ सांभाळत त्यावर टेकला. खुर्चीकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून माशांकडे बघत, अठ्ठावीस वर्षं जे वाक्य त्याच्या तोंडून कधी फुटलं नव्हतं ते म्हणाला.

"बसा. आजच सांगा."

पेल्यातलं पाणी हळूहळू खाली जायला लागलं.